अर्धी पळी

फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगरापलीकडच्या एका गावात दोन वर्षं काही पिकलंच नाही. मग गावाने ठरवलं, घरोघरचे उरलेसुरले दाणे एकत्र करायचे, देवळापुढे एकच हंडा चढवायचा आणि सगळ्यांनी त्यातलीच आंबील प्यायची. वाढायची पळी दिली थोरल्या आत्याबाईंच्या हातात.

त्या गावात एका आईला जुळं होतं. एक मुलगा, एक मुलगी. आत्याबाई मुलाच्या वाटीत पळीभर ओतत, मुलीच्या वाटीत अर्धीच.

"आत्याबाई, हिला अर्धीच का?"

"पोरीची जात चिवट असते, बाई. तगेल."

'तगेल' म्हणायला कुणाचं काय जात होतं? आई आपल्यातलं मुलीला पाजायची, पण तिचीच वाटी ती केवढी. हळूहळू मुलगी रडेनाशी झाली. बायका म्हणायच्या, "किती शहाणी पोर." आई मात्र घडीघडी तिच्या छातीवर हात ठेवून बघायची. हे शहाणपण नव्हे, हे तिला कळत होतं.

एक दिवस आईने मुलीची वाटी मागे घेतलीच नाही.

"सरक गं, मागे रांग आहे."

"आधी पळी भरा."

"आम्ही काय तुपावर वाढलो? अर्ध्या पळीवरच दिवस काढले. तगलोच ना?"

"तुम्ही बहिणी किती होता, आत्याबाई?"

"पाच."

"मग बाकीच्या चौघी कुठं असतात?"

आत्याबाईंचा हात हंड्यावरच थांबला. रांगेत कुणाला बहीण आठवली, कुणाला लेक.

"मेलेल्या सांगायला येत नाहीत," आई म्हणाली, "म्हणून तुम्ही खुशाल म्हणता, पोरी तगतात. अहो, आपल्या तोंडचं काढून लेकराला जगवावं आणि मग म्हणावं, तगलं. असा शब्द आहे तो. तुम्ही आधीच म्हणून मोकळ्या होता आणि पळी आखडता."

आत्याबाईंनी पळी बुडवली आणि काठोकाठ भरून ओतली. पुढच्या पोरीलाही तशीच.

रांगेत शेवटी एक बाई उभी होती. कालपर्यंत तिच्या हातात दोन वाट्या असायच्या. आज एकच होती. तिची लेक पहाटे गेली होती. त्या लेकीसाठी भरलेली पळी आत्याबाईंनी तशीच हातात धरून ठेवली, कितीतरी वेळ.

तात्पर्य: दुसऱ्याच्या चिवटपणाचं कौतुक करून त्याच्या वाट्याचा घास कधी कमी करू नये.