मधली अक्षरं

माणसं आपला पैसा तिजोरीतून काढून आकड्यांत ठेवायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. सुलक्षणाबाईंच्या टोकनांची, म्हणजे अशा आकड्यांतल्या पैशांची, किल्ली अंगठ्याएवढ्या एका डबीत असायची. ही किल्ली बाहेर कधीच यायची नाही. बाईंनी बटण दाबलं, की डबी आतल्या आत सही करायची आणि टोकनं निघायची. त्याचा तिला केवढा अभिमान!

एका दुपारी बाई भावाला टोकन पाठवायला बसल्या. टोकनं जिथे पोचायची तो भावाचा पत्ता, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, लॅपटॉपने डबीकडे सरकवला. डबी चरकली. ती लॅपटॉपला म्हणाली,

"दादा, हा पत्ता त्यांचा नाही! सुरुवात-शेवट तोच आहे, पण मागच्या खेपेला मधली अक्षरं निराळी होती. तुझ्यात कुणीतरी शिरून पत्ता बदललाय."

"माझ्यात?" लॅपटॉप गुरगुरला. "एवढीशी तू, मला शिकवतेस?"

डबीला माणसांपुढे ओरडता येत नव्हतं. तिच्याकडे होता फक्त नखाएवढा पडदा. त्यावर तिने अख्खा पत्ता मांडला आणि श्वास रोखून धरला.

बाईंनी फोनमध्ये भावाचा निरोप उघडला. त्यातल्या पत्त्याची पहिली चार अक्षरं डबीच्या पडद्याशी ताडून पाहिली. जुळली.

'मधलं वाचा, बाई, मधलं!' डबी कळवळली.

बाईंनी शेवटची चार पाहिली. तीही जुळली.

"सगळे एवढंच बघतात," असं पुटपुटत त्यांनी बटण दाबलं. डबीला सही करावीच लागली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, अजून काहीच आलं नाही गं."

बाईंनी घाबरून डबी उचलली, उलटसुलट करून पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. किल्ली आत जिथल्या तिथे होती.