तिवईवरचा माणूस

"तो उद्या बोलेल का, एवढंच सांगा आचार्य."

म्हातारा युमेलस जवाची भाकर मोडत होता. त्याने मान वर केली नाही.

"कोण?"

"आर्कियास. दुसरं कोण?"

"आणि काय बोलेल?"

काय बोलेल ते थेरॉनला सांगता आलं असतं, तर विचारायला इथवर यावंच लागलं नसतं...

ग्रीसच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. थेरॉन तिथल्या राजाच्या शयनमहालाचा अधिकारी. राजा रात्री कुठल्या कुशीवर झोपला हे त्याला सर्वांत आधी कळे, आणि झोपावं तर त्याच कुशीवर, हे इतरांना पटवून देणं हे त्याचं काम. ते तो उत्तम करी.

आर्कियास पागेचा प्रमुख. घोडे त्याला ओळखत. दरबार फारसा ओळखत नसे.

दोघेही लहानपणी याच झोपडीत, याच म्हाताऱ्याकडे शिकले होते. आता आर्कियास राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत होता. उद्या सकाळी मैदानावर सगळ्या सैन्यासमोर त्याची सुनावणी होती. निकाल बहुधा आदल्या दिवशीच ठरलेला असे. पण सैनिकांना बोलावलेलंच असे, म्हणून सुनावणीही उरकून घेत.

दोषी ठरला की भाले. पहिला भाला आरोप करणाऱ्याने टाकायचा.

आरोप थेरॉनने केला होता.

"जेव," म्हातारा म्हणाला.

झोपडीत एकच मंचक होता. थेरॉन आल्या आल्या सवयीने त्यावर आडवा झाला होता, डाव्या कोपरावर भार देऊन. म्हातारा स्वतः जमिनीवर चटईवर बसला होता. त्याने भाकर आणि मूठभर ऑलिव्ह पुढे सरकवले.

"पुरावा काय?"

"तो बसतो."

"बसतो?"

"राजाच्या मेजवानीत. सगळा दरबार आडवा झालेला असतो, आणि हा एकटा तिवईवर ताठ. दाराजवळ. आडव्या माणसाला उठायला वेळ लागतो आचार्य. बसलेल्याला लागत नाही."

त्या राज्याचा रिवाज असा, की जाळं न लावता, पायी जाऊन, भाल्याने रानडुक्कर मारल्याशिवाय पुरुषाला मेजवानीत मंचकावर आडवं होता येत नसे. तोवर त्याने तिवईवर बसून जेवायचं. बसणारी बहुतेक मिसरूड न फुटलेली पोरं असत. त्यांच्या ओळीत पांढऱ्या दाढीचा आर्कियास बसे, आणि दारू चढली की कुणीतरी हटकून विचारी, "काय आर्कियास, यंदा तरी मिसरूड फुटेल का?"

सगळ्यांत मोठ्याने थेरॉन हसे.

"पण तो का बसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "त्याने डुक्कर मारलेलं नाही."

"तेच राजाही म्हणाला. मी म्हटलं, महाराज, घोड्यावरून अख्खा डोंगर पालथा घालणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांत एक डुक्कर मिळू नये? त्याने मुद्दामच मारलं नाही. बसायला मिळावं म्हणून."

"मग?"

"महाराजांनी कूस बदलली. मग म्हणाले, खरंच की, आमच्या हे लक्षात कसं आलं नाही."

म्हाताऱ्याने ऑलिव्हची बी तोंडातून काढून हातावर घेतली.

"हुशार होतास तू. लहानपणीही."

थेरॉनला क्षणभर बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

"पागेची माणसं माझ्या ऐकण्यात हवी होती," तो म्हणाला. "आर्कियास कुणाचंच ऐकत नाही. राजा थकलाय. उद्या काही झालं तर घोडे ज्याच्या हातात, त्याच्या हातात राज्य. हे दरबारी गणित आहे आचार्य. तुम्हाला नाही कळायचं."

"नसेल. हल्ली नेम कसा आहे तुझा?"

"म्हणजे?"

"पहिला भाला तुझा ना उद्या."

थेरॉनने घेतलेला घास तोंडातच राहिला.

बाहेर बकरी ओरडली. म्हातारा उठला, तिला पाला टाकून परत आला, पुन्हा चटईवर बसला. त्याला कसलीच घाई नव्हती. घाई ज्याला होती तो मंचकावर होता.

"शिकारीच्या त्या हिवाळ्यात तुम्हा दोघांना इथंच आणलं होतं," म्हातारा म्हणाला. "त्याच्या मांडीत डुकराचा सुळा मोडला होता. तो मी काढला."

"हो. मी डुक्कर मारलं म्हणून तो वाचला."

"तुझ्या तळहातांना मी तेल लावलं. आठवतं?"

"... नाही."

"पाइनच्या झाडाचा चीक होता. दोन्ही तळहातांना, कोपरापर्यंत. निघता निघेना."

थेरॉनने मुठी मिटल्या. इतक्या वर्षांनी त्यांत लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मिटल्या.

त्या दिवशी रानात तो स्वतः झाडावर होता. खाली आर्कियास एकटा, जमिनीत पाय रोवून, भाला पुढे धरून. डुक्कर भाल्यासकट चालून आलं आणि त्याच्या मांडीत सुळा खुपसून तिथंच मेलं. मग सगळं शांत झालं. थेरॉनला खाली उतरायला फार वेळ लागला.

उतरल्यावर तो रडला. बापाने बजावलं होतं, या वेळी डुक्कर मारल्याशिवाय घरी तोंड दाखवू नकोस. आर्कियास रक्त दाबून धरत हसला होता. "मग तूच मारलंस म्हणून सांग. मला कुठं बाप आहे विचारायला? मी पुढच्या हिवाळ्यात दुसरं मारीन."

त्याचा पाय नीट बरा झाला नाही. घोड्यावर चाले, पायी रानात चालत नसे. आर्कियासचा पुढचा हिवाळा कधी आलाच नाही.

"तुम्हाला त्याने सांगितलं?" थेरॉनने विचारलं.

"त्याने? नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"मीही म्हटलं, ज्याचं आहे तो सांगेल."

"काल मी कैदखान्यात गेलो होतो," थेरॉन म्हणाला. "सगळ्यांसमोर त्याला विचारलं, तू का बसतोस? विचारावंच लागलं. लेखनिक होता, पहारेकरी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सवय झाली."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते, पण आवाज तसाच होता.

"मग झालं तर. तो बोलणार नाही."

थेरॉन हेच ऐकायला आला होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. वाटलं नाही.

"आचार्य... मी बोललो तर?"

म्हातारा चटईवर सांडलेले भाकरीचे तुकडे वेचू लागला.

"मंचक जाईल. अधिकार जाईल. राजाला इतकी वर्षं फसवलं म्हणून कदाचित माझीच सुनावणी होईल. दरबारात मला एकही माणूस नाही, जो माझ्यासाठी..." तो थांबला. असा एक माणूस होता. तो कैदेत होता.

म्हातारा पुन्हा उठला. कोपऱ्यात, बकरीच्या पाल्याच्या ढिगाखाली एक तिवई होती. ती त्याने बाहेर काढली आणि उपरण्याने पुसली. एका बाजूने ती झिजून खोलगट झाली होती. बसणारा एका पायावर भार देत नसावा.

"ही इथं कशी?"

"तो यायचा अधूनमधून. मंचकावर टेक म्हटलं तर म्हणायचा, इथंही नको, सवय मोडेल."

थेरॉन मंचकावरून उठला. केव्हा उठला ते त्याचं त्याला कळलं नाही.

म्हाताऱ्याने तिवई त्याच्या हातात दिली.

"उद्या घेऊन जा."

"मी?"

"आरोपीला उन्हात उभं ठेवतात. त्याच्या पायाला ते झेपायचं नाही."

थेरॉनने तिवई हातात धरली. हलकी होती. एवढं हलकं लाकूड त्याला दोन्ही हातांनी धरावं लागत होतं.

"सगळं सैन्य असेल तिथं. राजा असेल. आणि शयनमहालाचा अधिकारी तिवई काखोटीला मारून येणार... लोक विचारतील आचार्य. ही कुणाची म्हणून विचारतील. काय सांगू मी?"

म्हातारा उरलेली भाकर फडक्यात बांधत होता. ती त्याने तिवईवर ठेवली. कैद्यासाठी असावी.

"खरं तेच सांग," तो म्हणाला. "तुझी आहे."