लालीनं दिलेलं सोनं

गाड्या मोकळेपणानं बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. लाली नावाची एक लाल गाडी होती. झोकदार दिसावी म्हणून निनादनं, तिच्या हौशी मालकानं, तिची उंची पार कमी करून घेतली होती.

दसऱ्याची पूजा झाली आणि झेंडूचा हार मिरवत लाली निनादच्या मित्रांच्या गाड्यांबरोबर सुसाट निघाली. एका वस्तीच्या वळणाआधी स्पीड ब्रेकर आला. बाकीच्या गाड्या त्यावरून उडी मारून पुढे पळाल्या. लालीचं मात्र पोट घासायचं, म्हणून तिला तिरकं होऊन हळूहळू चढावं लागलं.

"मेल्या, आज सणालासुद्धा आडवा आलास!" ती करवादली.

"आडवं पडून राहणं हेच माझं काम आहे, बाई," तो म्हणाला. "सावकाश उतर."

ती उतरते न उतरते तोच वळणावरून आपट्याची पानं घेतलेली एक चिमुरडी धावत रस्त्यात आली. निनादनं ब्रेक दाबला. लाली तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

मुलगी खुदकन हसली. "पहिलं सोनं तुलाच," म्हणत तिनं एक पान लालीच्या हारात खोचलं आणि घराकडे पळाली. निनादनं मागे वळून स्पीड ब्रेकरकडे पाहिलं.

संध्याकाळी एकटाच परतताना निनाद तिथं उतरला. त्यानं हारातलं पान काढून स्पीड ब्रेकरवर ठेवलं. मग तो परत गाडीत बसला आणि लाली हळूच चढली. पोट घासलं, तरी ती या वेळी कुरकुरली नाही.

"सोनं घ्या, दादा," ती म्हणाली.