महाराजांच्या हातून न पडलेला पेच

कळंबगडचे राजे जगदेवराव यांच्या हातून कधी काही पडत नसे. तसा रिवाजच होता. जेवताना घास पडला तर तो वाढप्याकडून पडे, आणि जोडा निसटला तर तो जोडेवाल्याकडून. त्यामुळे मनोऱ्यातल्या घड्याळाचा पितळी पेच महाराजांच्या बोटांतून सुटून खण्णकन खालच्या लोखंडी पेटीत गेला, तेव्हा शेजारी उभे असलेले दगडोजी मिस्त्री आपलेच रिकामे हात बघू लागले.

घड्याळ म्हणजे महाराजांचा जीव की प्राण. ते उघडायचे महाराजांनी, जोडायचेही महाराजांनीच. दुसऱ्या कोणी त्यावर वाकायचेसुद्धा नाही! हत्यारे पुढे करणे आणि मधूनमधून "वा!" म्हणणे एवढेच मिस्त्रींचे काम.

"दगडोजी, काही पडलं का?" महाराजांनी विचारले.

"नाही, महाराज."

"मग घड्याळ का थांबलं?"

"पेच नाही, महाराज."

"कुठे गेला?"

दगडोजींनी वर पाहिले, खाली पाहिले. "गेला कुठंच नाही. दिसत नाही, एवढंच."

"शाबास! उद्या पाहुण्यांसमोर बाराचे ठोके पडले पाहिजेत. पेटी फोडायची नाही, घड्याळ हलवायचं नाही. आणि नवा पेच करायचा नाही! नवा केलास तर जुना पडला असं लोक म्हणतील. नाही जमलं तर भाता उचलायचा आणि गड उतरायचा!"

घड्याळाखालची लोखंडी पेटी दगडात चिणलेली. तोंड एवढे अरुंद, की मूठ आत जाईना. दगडोजींनी दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडला. तो वाटेतच पेटीच्या भिंतीला जो चिकटला, तो सुटेना. पुढची सगळी दुपार तो सोडवण्यात गेली. सुटल्यावर दगडोजींना आठवले की पेच पितळेचा आहे आणि पितळेला चुंबक लागत नाही. मग ते घरी आले आणि भांडी बांधू लागले.

"मामंजी, भांडी कशापायी बांधताय?" सून भिवराने विचारले.

दगडोजींनी सगळे सांगितले. तीस वर्षे ज्या गडावर भाता चालवला तो सोडायचा म्हणताना म्हाताऱ्याने एकच भांडे दोनदा बांधले.

भिवराच्या माहेरी गावाचा गळ असे. विहिरीत कोणाची बादली पडली की लोक त्यांच्या दारी येत, आपला तांब्या ठेवून जात आणि दोरीला बांधलेल्या आकड्यांचा तो घोस घेऊन जात. गळ परत आला की तांब्या परत. तेव्हा पडलेल्या वस्तूंचे तिला अप्रूप नव्हते.

"हिरीत पडलं तर मोठा गळ लागतो," ती म्हणाली. "ह्याला बारका लागंल."

"पडलं म्हनू नगंस!" दगडोजी दाराकडे बघत पुटपुटले.

"बरं. न पडलेल्याला बारका गळ लागंल."

सकाळी ती मनोऱ्यावर गेली. बरोबर लांब वेत, मेणाचा गोळा, वाकवलेली तार आणि आरसा. दगडोजींनी आरसा धरून उन्हाची तिरीप पेटीत पाडली. भिवराने आत डोकावून पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

"काय झालं? पेच न्हाई?"

"हाय की. पन एकटा न्हाई!"

तिने वेताच्या टोकाला मऊ मेण थापले, आत सोडले आणि दाबले. पेच मेणाला चिकटून वर आला. मग तिने तारेचा आकडा आत सोडला.

महाराजांनी पेच स्वतः जागेवर बसवला आणि बारा वाजता बारा ठोके पडले. दरबारात महाराज पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? काही पडलंच नव्हतं!"

तेवढ्यात भिवरा झाकलेले ताट घेऊन पुढे आली. "महाराज, गळाला हे बी लागलं."

तिने फडके काढले. दोन सोन्याच्या गुंड्या, एक अडकित्ता, पाचूची अंगठी आणि राज्याचा शिक्का! तोच शिक्का, जो आठ महिने शोधून चिटणीस अर्धे झाले होते.

"शिक्का!" महाराज ओरडले. "आण इकडे!"

"देते की. पन आमच्या गळाचा नेम हाय. ज्याची वस्तू, त्यानं 'माझी पडली' म्हनायचं अन् न्यायची. कुनी म्हनलं न्हाई, तर ती गळवाल्याची."

"आमच्या हातून काही पडत नाही!"

"ठावं हाय, महाराज. म्हनून तर ताट घरी घिऊन निघाले हुते. मामंजी म्हनले, इचारून तर बघ."

महाराजांनी मिशी चावली. "हे पडलेलं नाही! आम्ही ते तिथे जपून ठेवलं होतं!"

"आगं बया, मग चुकलंच की माझं!" भिवरा वळली. "हुतं तिथंच ठिवते. शिक्का, अंगठी, अन् त्यो पेच बी!"

पाहुणे छताकडे बघू लागले. चिटणिसांनी हात जोडले. महाराजांनी शिक्क्याकडे पाहिले, मग मनोऱ्याकडे.

"थांब!" ते म्हणाले. "पडलं. सगळं आमच्याच हातून पडलं!"

आणि ते स्वतःच खो खो हसत सुटले. दरबारही हसला. वर्षानुवर्षे दाबलेले हसू, लवकर थांबेना. हसता हसता महाराजांच्या हातातला विडा खाली पडला.

"माझ्याकडून पडला, महाराज!" चिटणीस सवयीने म्हणाले.

"गप्प बसा. आमचाच आहे!" महाराजांनी वाकून तो उचलला.

दगडोजींना सोन्याचे कडे आणि घड्याळ उघडायची परवानगी मिळाली. भिवराला पाचूची अंगठी आणि गडाच्या पायथ्याचे भाताचे खाचर मिळाले.

"आणि तो बारका गळ इथेच राहू दे," महाराज म्हणाले. "आम्हाला लागेल."

"ऱ्हाऊ द्या की. पन तांब्या ठिवावा लागंल!"

महाराजांनी चांदीचा तांब्या मागवला आणि तो भिवराच्या हातात जाईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.