पैलवानाचा आराखडा

एका गावाला ऐकू चांगलं यायचं, पण घाईघाईत यायचं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत गाव कामाला लागलेलं असायचं.

एकदा तिथं राजाचा दवंडीवाला आला. हलगी बडवत ओरडला, "ऐका हो ऐका! प्रत्येक गावानं आपला आराखडा करावा! कसा करायचा ते शिकायला एक माणूस राजधानीत धाडावा! आराखडा खरा निघाला, तर त्यातलं पहिलं काम राजा करून देईल!"

हलगी जोरात होती आणि वारा उलटा होता. गावानं ऐकलं, 'आखाडा'.

"आखाड्याला माणूस पाहिजे होय?" पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले. "मग विचार कसला? आपला पैलवान जाईल."

पैलवान तरुण होता, दणकट होता, शाळेत कसाबसा दोन वर्षं बसलेला आणि डोक्यानं तापट. मागच्या पावसाळ्यात त्याचा थोरला भाऊ गावच्या ओढ्यात वाहून गेला होता. शेजारणीच्या तापावर औषध आणायला तो पलीकडच्या वैद्याकडे निघाला होता. तेव्हापासून पैलवान कुणाशीही भांडायचा. एकदा तर गुडघाभर पाण्यात उभा राहून ओढ्याशीच भांडला, आणि ओढा उत्तर देईना म्हणून त्याला दगड मारले.

राजधानीत पोचल्यावर अंगाला तेल लावून, लंगोट कसून पैलवान थेट वर्गात शिरला. आत चाळीस माणसं कागद आणि दौत घेऊन बसली होती. शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"बाळ, थंडी नाही वाजत?"

"माझा जोडीदार कोण? कुणाशी लढायचंय?"

"तुझ्या गावाशी," बाई म्हणाल्या. "सदरा घाल आणि बस."

मग बाईंनी एकेकाला विचारलं, "तुझ्या गावात घरं किती?" बाकीचे कागद चाळू लागले. पैलवान म्हणाला, "बासष्ट. खुराकासाठी पाळीपाळीनं प्रत्येक घरचं दूध प्यायलोय. म्हशी सतरा. त्यातल्या तीन पाणी घातलेलंच दूध देतात."

सगळा वर्ग हसला.

"आणि ओढा किती खोल?"

"कुठं विचारताय त्यावर आहे," पैलवान म्हणाला, आणि वळणापासून खडकापर्यंतचा एकेक डोह त्यानं सांगितला. कुठं गुडघाभर, कुठं छातीभर, कुठं हात वर केला तरी बुडेल एवढा.

"एवढं कसं माहीत तुला?"

"तीन दिवस दादाला शोधत होतो."

बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि पुढचा धडा घेतला.

आठ दिवसांनी निघताना बाई म्हणाल्या, "गाव तुला पाठ आहे. एकच सवय सोड. समोरच्याला पाठीवर पाडलं की कुस्ती जिंकता येते, पण आराखडा हरतो. लोकांना शिवारातून फिरव, जे आहे ते दाखव. मग प्रत्येक घराला एक चिंचोका दे. ज्यांना जे काम आधी हवं, त्यावर ते ठेवतील."

इकडे गाव हार घेऊन वेशीवर उभं होतं.

"काय रे, आखाडा मारलास का?"

"आखाडा नव्हताच. आराखडा होता."

"मध्येच 'रा' कुठून आला?"

"पहिल्यापासून होता. गावाला काय काय पाहिजे आणि त्यातलं आधी काय, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचंय."

"एवढंच ना? कमान पाहिजे," पाटील म्हणाले. "शेजारच्या गावाला आहे. आपल्याकडे पाहुण्यांना कुठून शिरायचं तेच कळत नाही."

"पाटील, आपल्याकडे पाहुणे येतात तरी कुठं?" एक म्हातारी म्हणाली.

"कमान नाही म्हणून!"

पैलवानानं पारावर खडूनं दोन चित्रं काढली. एक कमानीचं आणि दुसरं साकवाचं, म्हणजे ओढ्यावरून माणसं चालत जातील अशा लहान पुलाचं. प्रत्येक घराला चिंचोका दिला. पण जो तो चिंचोका मुठीत धरून पाटलांच्या मिशीकडे बघत राहिला.

पाटलांना उचलून आपटावं असं पैलवानाला फार वाटलं. त्यानं त्यांना नुसतंच उचललं.

"अरे, अरे! काय करतोस?"

"शिवारफेरी."

पाटलांना खांद्यावर घेऊन तो ओढ्याकडे निघाला. मागून सगळं गाव. तो पाण्यात उतरला, मध्यावर पाणी छातीला लागलं आणि तिथंच थांबला.

"थांबलास का रे?"

"इथं दादाचा पाय सुटला."

पाटलांनी खाली पाहिलं. गढूळ पाणी गरगरत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पैलवानाचे केस धरले. "चल रे बाबा! साकव म्हण, दोन साकव म्हण! माझा चिंचोका साकवालाच, शपथ!"

"पैलवाना, हलू नकोस!" काठावरून कुणीतरी ओरडलं. "विहिरीचंही कबूल करून घे!"

वर्षभर पैलवानाला कुणालातरी पाडायचं होतं. आता पाडण्याजोगा माणूस खांद्यावरच होता. त्यानं पाटलांचे पाय आणखी घट्ट धरले.

"नको, पाटील," शेवटी तो म्हणाला. "पाण्यात दिलेला शब्द अंग वाळेपर्यंतच टिकतो. काठावर जाऊन ठरवा."

त्यानं पाटलांना पलीकडच्या काठावर अलगद उतरवलं. समोरच वैद्याची झोपडी होती. पाटलांनी तिथपर्यंत चालत जाऊन पावलं मोजली. तीस भरली.

"एवढंच?"

"एवढंच."

मग पैलवानानं त्यांना पुन्हा खांद्यावर घेऊन परत आणलं.

संध्याकाळी पारावर चिंचोके पडले. साकवावर एकसष्ट, कमानीवर एक.

"कमानीवर कुणी ठेवला रे?" पाटील गरजले.

"मी," पाटलीणबाई म्हणाल्या. "आपल्या घरचा आहे तो. सकाळी तुम्हीच बजावलं होतं ना? मत फिरलं तर घरी सांगायची पद्धत आहे का नाही?"

गाव पोट धरून हसलं. पैलवानानं मात्र बोटही उचललं नाही. पाटील स्वतः खाली वाकले आणि त्यांनी तो चिंचोका साकवावर ठेवला.

राजाचे कारभारी आले. ओढा मोजला, घरं मोजली. आराखड्यातली एकही गोष्ट खोटी निघाली नाही. उन्हाळ्याच्या आत साकव उभा राहिला.

पहिल्या दिवशी गाव वाजतगाजत साकवावरून निघालं. पैलवान तेवढा खालून, कमरेभर पाण्यातून चालला होता.

"अरे, वर ये!" पाटील कठड्यावरून ओरडले. "मग बांधला कशाला हा?"

"तुम्ही व्हा पुढं, पाटील," तो म्हणाला. "दादाचं पलीकडं जायचं राहिलंय. आज त्याला सोडून येतो. उद्यापासून वरून."

तात्पर्य: भलं कशात आहे ते आपल्याला दिसतं, म्हणून गावाला पाठीवर पाडू नये, हात धरून तिथवर न्यावं, आणि ठरवायच्या वेळी हात सोडावा.