चकाकणारी जमीन

फार जुनी गोष्ट आहे. उत्तरेकडच्या एका सरोवरावर करकोच्यांची शाळा भरत असे. थंडीत थवा दक्षिणेकडे निघायचा. त्याआधी पिल्लांना प्रवासाचे धडे मिळायचे.

गुरुजी म्हातारे, अनुभवी आणि तापट होते. त्यांच्या शाळेत एक रीत होती. जो प्रश्न विचारेल, त्याने प्रवासात रांगेच्या शेवटी उडायचे, जिथे ससाणे झडप घालतात. बाकीची पिल्ले त्याला ‘शेपूट, शेपूट’ म्हणून चिडवत. गुरुजी पालकांना अभिमानाने सांगत, “माझ्या वर्गात चोच उघडायची कुणाची छाती नाही!” पालकही खूश होत.

एके दिवशी गुरुजी म्हणाले, “दुरून चकाकतं ते पाणी. तिथं उतरायचं. कळलं?”

“कळलं, गुरुजी!”

एकाला कळले नव्हते. चकाकते ते सगळे पाणीच असते का? त्याने शेजाऱ्याला हळूच विचारले.

“गप रे! शेपूट व्हायचंय का?” शेजारी फिसकारला.

विचारणाऱ्याची धाकटी बहीण नेहमी त्याच्या मागेच उडायची. आपण शेवटी गेलो, तर तीही शेवटी येणार. तो गप्प बसला.

प्रवासात वादळाने थवा फुटला. मोठे एकीकडे गेले, पिल्ले दुसरीकडे. पाण्याविना पंख जड झाले. मग खाली काहीतरी लखलखले.

“दादा, पाणी!” बहीण ओरडली आणि सगळ्यांच्या आधी झेपावली.

ते मिठाचे रण होते. वरचा पांढरा पापुद्रा फुटला आणि तिचे पाय खालच्या चिखलात रुतले. भावाने तिचा पंख चोचीत धरून ओढला, पुन्हा पुन्हा ओढला. तिच्यात उठायचे बळ उरले नव्हते.

गुरुजी शोधत आले, तेव्हा तिची मान मिठावर पडली होती.

“अरे, पाण्यात ढग दिसतात, मिठात दिसत नाहीत! एवढी साधी गोष्ट…” गुरुजींचा आवाज फाटला. “मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर ती शेवटी उडाली असती,” तो म्हणाला. “शेवटी का होईना, उडत असती.”

थव्याला थांबता येत नव्हते. तिला तिथेच ठेवून सगळे निघाले. आणि एवढे होऊनही, पुढे कितीतरी वर्षे लोक त्या शाळेला शिस्तीची शाळा म्हणत राहिले.

तात्पर्य: कळले नाही तर विचारा, आणि विचारणाऱ्याला जो शिक्षा करतो, त्याला शिक्षक म्हणू नका.