पिवळ्या गाडीचा मालक

“…मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला, माताजी? तुम्हीही सोडता, मीही सोडतो.”

विचारणारा होता भरतेश मगदूम. कोल्हापुरात त्याची फाउंड्री होती, आणि त्याला स्पोर्ट्स कारचं वेड होतं. हे वेड त्याने कधी लपवलं नव्हतं. उलट चारचौघांत मिरवलं होतं.

माताजी चातुर्मासासाठी त्याच्या आजोळच्या गावी राहिल्या होत्या. जैन मंदिराच्या ओसरीवर, पांढऱ्या साडीत, लाकडी पाटावर बसून त्या आपल्या पिंछीची विस्कटलेली मोरपिसं बोटांनी सरळ करत होत्या. बसायच्या आधी त्या याच पिसांनी जागा झाडून घेत. एखादी मुंगीही अंगाखाली सापडू नये म्हणून.

पलीकडे गावातल्याच राजमती अक्का सुपात गहू निवडत बसल्या होत्या.

“तू काय सोडतोस?” माताजींनी विचारलं.

“गाडी. मित्र विचारतात, जीव तुटत नाही का रे? मी म्हणतो, नाही. एकदा चावी दिली की मागे वळून बघत नाही. मला मोहच नाही.”

“पंधरा दिवसांमागं तिठ्यावरच्या गतिरोधकावर अडकलीवती ह्येची गाडी,” अक्का सुपातली नजर न काढता म्हणाल्या. “पोट घासाय लागलं तिचं. माझ्या नातवांनी उचलून धरली, तवा निघाली. मोह न्हवता म्हनं. गोठ्यात म्हस अडल्यागत तोंड झालंवतं ह्येचं.”

भरतेश ओशाळून हसला. आज त्याने गाडी वेशीबाहेरच लावली होती आणि तिथून चालत आला होता.

माताजींच्या हातातलं पीस थांबलं. “इतकी बुटकी असते?”

“जमिनीला टेकलेलीच म्हणा.”

“आणि पळते किती?”

“अडीचशेपर्यंत.”

“आपल्या रस्त्याला?”

“आपल्या रस्त्याला…” भरतेशने डोकं खाजवलं. “पुढे उसाचा ट्रॅक्टर असला तर ट्रॅक्टर पळेल तेवढी.”

माताजी मनापासून हसल्या. मग सहज, एखाद्याला त्याच्या शेताचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “एक गाडी किती दिवस ठेवतोस?”

खरं तर हाच प्रश्न घेऊन भरतेश सकाळी घरातून निघाला होता. तो आपल्याआधी माताजीच विचारतील असं त्याला वाटलं नव्हतं.

“पहिली कॉलेज संपल्यावर घेतली, ती लग्न होईपर्यंत होती. दुसरी, मुलगी चालायला लागली तेव्हा विकली. तिसरी एका दिवाळीला आली आणि पुढच्या दिवाळीला गेली. ही पिवळी अक्षय्य तृतीयेला आणली.”

“आणि?”

“आज विकतोय. पुण्याहून एक जण बघायला निघालाय.”

अक्कांचं सूप थांबलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. घराघरांतून फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते.

“आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं असंच असतं,” भरतेश घाईने म्हणाला. “रविवारी पहाटे आंबा घाटात जातो, येताना मिसळ खातो, आणि मिसळ खाताना विषय एकच, पुढची कुठली घ्यायची. कुणी म्हणतं दोन वर्षं ठेवावी. कुणी म्हणतं ऐन भरात असतानाच सोडावी, म्हणजे आठवण चांगली राहते. मी मात्र…”

त्याचा आवाज खाली आला.

“माझी मुदत दर वेळी कमी होत चाललीय, माताजी. का, ते कळत नाही. गाडी दर वेळी आधीच्यापेक्षा चांगली असते, आणि आनंद आधीच्यापेक्षा लवकर संपतो. पुढची निळी बघून ठेवलीय. पण आता धास्ती वाटते. तिचा आनंद शोरूमच्या दारातच संपला तर? मग मी कशाची वाट बघत जगू?”

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

माताजींच्या हातातल्या पिसांकडे त्याची नजर गेली. तो पुन्हा आपल्या मूळ मुद्द्यावर आला.

“तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत. येत्या रविवारी तुमची पिंछी बदलायची आहे. नवी येईल, ही जुनी तुम्ही व्रत घेणाऱ्या कुणातरी गृहस्थाला द्याल. दर वर्षी बदलता. मग ही सोडायची वेळ झाली, हे तुम्हाला कसं कळतं?”

माताजींनी पिंछी उचलली. त्यातल्या एका पिसाचं टोक आपल्या उघड्या डोळ्यावरून हळूच फिरवलं.

त्यांची पापणी लवली नाही. बघणाऱ्या भरतेशच्याच डोळ्यांत पाणी आलं.

“टोचलं की कळतं,” त्या म्हणाल्या. “तुला कसं कळतं?”

इंजिन, टायर, नवीन मॉडेल… मित्रांना द्यायची सगळी उत्तरं भरतेशच्या जिभेवर होती. त्या पिसासमोर त्यातलं एकही बाहेर पडेना.

“नवी असते तेव्हा,” तो सावकाश म्हणाला, “सिग्नलला थांबलो की शेजारचा मोबाइल काढून व्हिडिओ घेतो. रिक्षातून पोरं वाकून बघतात. मिसळवाला हातातला झारा ठेवून बाहेर येतो. मग हळूहळू सवय होते त्यांना. एके दिवशी मी गाडी लावतो आणि कुणी मानच वळवत नाही.”

“मग?”

“मग त्या दिवशी घरी पोचेपर्यंत ती जुनी झालेली असते.”

“आत बसल्यावर समोर काय दिसतं?”

“लोक.”

“आणि रस्ता?”

भरतेशने वेशीच्या दिशेने बघितलं.

मग तो एकदम ताठ बसला. त्याचा चेहरा उजळला होता.

“ठरलं, माताजी. ही पिंछी रविवारी मला द्या. मी व्रत घेतो. यापुढे गाडी घेणार नाही. ही नाही, निळी नाही, कुठलीच नाही. सगळ्या गावासमोर सांगतो. मिसळीचा ग्रुपही बोलावतो, त्यांनाही बघू दे.”

“आगं बाई,” अक्का पुटपुटल्या.

माताजी त्याच्याकडे बघत राहिल्या. नुकतंच उमललेलं काही बघावं तसं.

“हे कधी सुचलं?”

“आत्ताच.”

“कसं वाटतंय?”

“काय सांगू,” भरतेश म्हणाला. “इतकं हलकं, इतकं छान… अगदी नवी गाडी घेतल्यावर…”

तो थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. आता त्याचं काय करावं हे त्याला कळेना.

अक्कांनी सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात भरतेशच्या खिशात फोन थरथरला. त्याने स्क्रीनकडे बघितलं, उठून ओसरीच्या टोकाला गेला, दबक्या आवाजात काही बोलला आणि फोन छातीशी धरून परत आला.

“तोच आहे, पुण्याचा. लवकर पोचलाय. वेशीबाहेर गाडीपाशीच उभा आहे. म्हणतो, फार आवडली, आत्ताच नेतो.”

तो पुन्हा पाटासमोर बसला.

“मोडून टाकू का व्यवहार? की जाऊ दे त्याला घेऊन?” भरतेशचा आवाज आता अगदी साधा झाला होता. “मला खरंच कळत नाहीये, माताजी. काय सांगू त्याला?”

माताजींनी पिंछीने पाऊल टाकायची जागा हळुवार झाडली आणि त्या उठल्या.

“त्याला सांग, जरा थांब. मालकाने अजून गाडी बघितलेली नाही.”